पान्हा मुलांच्या हाती द्या



आपल्या वस्त्यांतून आता गाड्या पुष्कळ झाल्या आहेत. कुणाची टॅक्सी आहे, कुणाचा टेम्पो आहे, कुणी जुनी मारुती घेऊन तीवर शाळेची मुले नेतो. गाडी दारात आली म्हणजे हप्ताही दारात येतो, आणि गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाचा हप्ता घरातल्या किराण्यातून जातो. म्हणून गाडीचे बारीकसारीक काम घरच्या घरी यावे असे प्रत्येकाला वाटते. ते येणारे माणूसही पुष्कळ घरांत असते. वडील असतात, कुठे मामा असतो. मुलगा किंवा मुलगी मोठी झालेली असते, गाडी आता तीच चालवते. मग अडते कुठे? अडते ते शिकवण्यात.

वडिलांची तक्रार ठरलेली असते. "याला काही सांगायला गेलो की दहा मिनिटांत आमचे वाजते. पोरगा पान्हा फेकून उठून जातो." मुलांची तक्रारही ठरलेली असते. "बाबा मला टॉर्च धरून उभे करतात. काय चालले आहे ते सांगत नाहीत. विचारले तर म्हणतात, बघत राहा, येईल आपोआप." दोघेही खोटे बोलत नाहीत. पण यात समजून घेण्याची जबाबदारी मी आधी वडिलांवर टाकतो, कारण शिकवणारा तो आहे.

आज ज्यांची साठी जवळ आली आहे ते गाडीचे काम कसे शिकले, हे आठवून पाहा. बारा-तेराव्या वर्षी गॅरेजमध्ये पोऱ्या म्हणून लागायचे. पहिले वर्ष सुटे भाग रॉकेलमध्ये धुण्यात जायचे. दुसऱ्या वर्षी दहाचा पान्हा दे, बाराचा दे, एवढेच. चुकीचा पान्हा दिला की तोच पान्हा डोक्यात. आणि खरी मेख पुढे होती. पॉइंटची गॅप लावायची, टायमिंग बसवायचे, कार्बोरेटर ट्यून करायचा, अशी मोक्याची वेळ आली की वस्ताद बरोबर म्हणायचा, "जा रे, दोन चहा सांगून ये." पोऱ्या चहा घेऊन परत येईपर्यंत बॉनेट बंद झालेले असे. ज्याच्याजवळ विद्या आहे त्याने ती दाबून ठेवावी आणि दुसऱ्याने चोरून, मार खाऊन ती मिळवावी, ही रीत आपल्या लोकांनी फार जवळून पाहिलेली आहे. ती गॅरेजमध्येही होती. वस्तादालाही भीती असायची की पोऱ्या शिकला तर समोरच दुकान थाटेल. त्याची भीती एक वेळ समजू शकते. पण बापाला पोटच्या मुलाची कसली भीती? भीती नसतेच. आपण ज्या रीतीने शिकलो तीच शिकवण्याची रीत, असे मनात पक्के बसलेले असते एवढेच. म्हणून तोही नकळत ऐन वेळी मुलाला म्हणतो, "जरा पाणी आण रे आतून."

चोवीस वर्षांचा मुलगा बारा वर्षांचा पोऱ्या नव्हे. त्याने कॉलेज पाहिलेले असते, चार ठिकाणी नोकरी केलेली असते, कदाचित लग्न झालेले असते. चाळीच्या तोंडाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, बायकोच्या देखत त्याला "अक्कल नाही का तुला" म्हटले की तो दुरुस्ती शिकत नाही. तो उद्यापासून गाडी गॅरेजला लावायला शिकतो.

मोठ्या माणसाला कारण लागते. कारण सांगितले की त्याचे हात तेवढ्याच वेळात कितीतरी पुढे जातात. एक साधे उदाहरण घेऊ.

सकाळी गाडी स्टार्ट होत नाही. बापाने चावीचा आवाज ऐकला की त्याचा हात थेट बॅटरीच्या टर्मिनलवर जातो, तो टर्मिनल हलवतो आणि गाडी सुरू होते. मुलगी काय शिकली? तर बाबांनी काहीतरी हलवले. पुढच्या वेळी बिघाड दुसरा असेल आणि तीही टर्मिनलच हलवत बसेल. त्याऐवजी बापाने हात मागे बांधावेत आणि विचारावे, "बाळा, चावी फिरव. काय ऐकू आले?"

उत्तरे तीनच येतात. काहीच ऐकू आले नाही. किंवा नुसते टक-टक झाले. किंवा सेल्फ नीट फिरतो आहे, पण इंजिन धरत नाही. या तीन उत्तरांच्या तीन वेगळ्या वाटा आहेत, आणि त्या एकदा डोक्यात बसल्या की निम्मे काम आले. टक-टक होत असेल तर बहुतेक वेळा बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल, खराब झाले आहे. तिला हेडलाइट लावायला सांगा आणि मग चावी फिरवू द्या. दिवे एकदम मंद झाले तर करंट पुरत नाही, बॅटरी आणि टर्मिनल पाहा. दिवे तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ मुकाच, तर बॅटरीला दोष देऊ नका. दोष सेल्फमध्ये, त्याच्या रिलेत, नाहीतर चावीच्या स्विचमध्ये असेल. आणि सेल्फ छान फिरतो आहे पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीचा विषय तिथेच संपला. आता इंधन येते का आणि प्लगला ठिणगी मिळते का, एवढेच पाहायचे. इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज येतो, तो पेट्रोलच्या पंपाचा. तो ऐकायला कुठलेही हत्यार लागत नाही, आजूबाजूला शांतता मात्र लागते, आणि आपल्या गल्लीत तेवढेच मिळत नाही!

सीएनजीवर गाडी चालवणाऱ्यांना इथेच एक सांगून ठेवतो. पुष्कळ गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात. पैसे वाचावेत म्हणून काही जण टाकीत पेट्रोल जवळजवळ ठेवतच नाहीत. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी कोरडी ठेवली की पंप जळतो. शंभर-दोनशे वाचवायला जाऊन हजारांचा खर्च कसा अंगावर येतो, ते मुलांना अशा वेळी पटकन पटते.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी जमली असेल तर ती साफ करायचे काम पहिल्या दिवसासाठी उत्तम. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासायचे, पुसून कोरडे करायचे आणि टर्मिनल बसवल्यावर वरून व्हॅसलिनचा हात फिरवायचा. पण त्यापूर्वी प्रश्न असा, की टर्मिनल सोडताना आधी कोणते सोडायचे? आधी निगेटिव्ह, आणि जोडताना निगेटिव्ह सर्वांत शेवटी. हे वाक्य पाठ करून घेणारे पुष्कळ आहेत, कारण सांगणारे थोडे. गाडीची सारी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. आधी पॉझिटिव्ह सोडायला गेलात आणि पान्ह्याचे दुसरे टोक बॉडीला लागले, तर बॅटरीचा सगळा करंट त्या पान्ह्यातून धावतो. पान्हा लालबुंद होतो, हाताची कातडी सोलून निघते, बॅटरी फुटूही शकते. निगेटिव्ह आधी काढून टाकले की मग पान्हा कुठेही लागला तरी वर्तुळ पुरे होत नाही. दहावीच्या विज्ञानात हे वर्तुळ मुलांनी वहीत काढलेलेच असते. ते बॉनेटखाली दिसले म्हणजे मुलीचा चेहरा पाहा. बापापेक्षा आपल्यालाही यातले काही कळते, हे तिच्या लक्षात येते, आणि बाप शहाणा असेल तर त्यालाही त्याचा आनंद होतो. आणि हो, बॅटरीजवळ बिडी-सिगारेट नको. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. हा नियम शिकणाऱ्यापेक्षा शिकवणाऱ्यालाच जास्त लागू आहे, हे घरोघरच्या भगिनी सांगतील.

आता पान्ह्याविषयी. बापाला सर्वांत कठीण जाते ते पान्हा दुसऱ्याच्या हाती देऊन गप्प बसणे. मुलगा चुकीच्या बाजूने फिरवतो आहे, पान्हा नटावर नीट बसलेला नाही, पाच मिनिटांचे काम पाऊण तासावर गेले आहे, हे पाहून बापाचा हात शिवशिवतो. "सरक बाजूला" हे शब्द ओठांवर येतात. ते गिळावेत. ज्या घडीला आपण पान्हा हिसकावतो त्या घडीला शिकवणी संपते. अडवायचे कधी आणि सोडायचे कधी, याची मात्र पारख हवी. मोडले तर दहा-वीस रुपयांत भागेल अशी वस्तू असेल तर मोडू द्यावी. नटाचे आटे गेले, क्लिप तुटली, फ्यूज उडाला, तर उडू द्या. एक फ्यूज उडाला की मुलगा फ्यूजचा डबा जन्मभर विसरत नाही.

काही ठिकाणी मात्र आधीच हात धरावा. प्लग हे त्यातले एक ठिकाण आहे. प्लग ज्या हेडमध्ये बसतो ते हेड बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचे असते, म्हणजे मऊ. प्लग वाकडा चढला आणि वर पान्ह्याने जोर लावला की हेडचे आटे जातात, आणि मग दोनशेच्या प्लगपायी हेड उतरवायची पाळी येते. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना प्लग काढायचा, आणि बसवताना पहिले काही आटे नुसत्या बोटांनी, पान्हा न लावता चढवायचे. बोटांना कळते. सरळ चढत असेल तर लोण्यासारखा फिरतो, वाकडा असेल तर लगेच अडखळतो. अडखळला की जोर करू नका, उलटा फिरवून काढा आणि पुन्हा लावा. हे सांगून येत नाही, मुलाची बोटे प्लगवर ठेवूनच येते. एखादा जुना प्लग मुद्दाम थोडा वाकडा लावायला सांगा आणि तो अडखळतो कसा ते त्याच्या बोटांना कळू द्या, मात्र जोर लावण्याआधी थांबवा. गंजलेला नट सोडवण्याचेही तसेच. ताकद दाखवू नये. गंज सोडवणारे तेल मारून थोडा वेळ वाट पाहावी, आजूबाजूला हलके ठोके द्यावेत, पुन्हा वाट पाहावी. तरण्या मुलांना वाट पाहणे जमत नाही, आणि दुरुस्तीत नट मोडतात ते बहुतेक याच कारणाने.

इथवर मी बापाला मित्र व्हायला सांगितले. आता जिथे त्याने बापच राहावे, अशा जागा सांगतो. इथे चर्चा नाही, "चालतंय हो बाबा" नाही.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचे नाही. हात घालायचा नाही, पडलेला नट काढायलासुद्धा डोके घालायचे नाही. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. जमीन कडक आणि सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, गाडी गिअरमध्ये हवी, जे चाक उचलायचे नाही त्याला पुढून-मागून दगड हवेत, आणि गाडीखाली जायचेच असेल तर मजबूत लोखंडी स्टँड हवेत. विटा रचून गाडी टेकवणारे लोक आपण पाहतो. वीट भाराखाली न सांगता फुटते. आपल्याकडे फुटपाथवर उतारावर गाडी उचलून काम चालते, त्यात माणसे दगावली आहेत. चाक बदलताना काढलेली स्टेपनी आडवी करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवायची जुन्या ड्रायव्हरांची सवय चांगली आहे. जॅक निसटलाच तर गाडी त्या चाकावर टेकते. चाकाचे नट गाडी उचलण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, आणि शेवटचा कस गाडी खाली उतरवल्यावर समोरासमोरच्या क्रमाने मारायचा. पन्नासेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासायचा.

गरम इंजिनचे रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि ते सगळे उकळते पाणी तोंडावर येते. रस्त्याच्या कडेला घाईत उभा असलेला, मागे गिऱ्हाईक ओरडते आहे असा तरुण ड्रायव्हर हीच चूक करतो. गिऱ्हाईक दुसरी गाडी करील, करू द्या. कूलंटचेही सांगतो. ते चवीला गोडसर असते आणि विषारी असते. बाटली लहान मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या वाटेत ठेवू नका, सांडले तर भरपूर पाण्याने धुऊन काढा.

सीएनजीच्या टाकीला, नळ्यांना, वॉल्व्हला घरी हात लावायचाच नाही. गाडीच्या टायरमध्ये जेवढा दाब असतो त्याच्या सुमारे शंभर पट दाब त्या टाकीत असतो. तिची तपासणी दर ३ वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रात करावी लागते. तारीख उलटू देऊ नका. नव्या गाड्यांत पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतात, ते साधारणपणे एअरबॅगचे असतात. आणि विजेवर चालणाऱ्या गाडीतल्या नारंगी रंगाच्या जाड वायरी म्हणजे जिवावरचा करंट. त्या ज्याचे शिक्षण घेतले आहे त्याच्याच.

ब्रेकचे काम पहिल्या वर्षी मुलाने एकट्याने करू नये. पाहायला मात्र पहिल्या दिवसापासून शिकवावे. डबीतले ब्रेक ऑईल खाली गेले असेल तर वरून भरून मोकळे होऊ नका. ते गेले कुठे, हा प्रश्न आधी. एक तर पॅड झिजले आहेत, नाहीतर कुठेतरी गळते आहे. पेडल स्पंजासारखे दबत असेल तर नळीत हवा शिरली आहे. ब्रेकला हात लावला असेल तर गाडी हलवण्याआधी पेडल आठ-दहा वेळा दाबून ते कडक झाल्याची खात्री करायची, मगच पहिला गिअर. वाहतुकीत जाण्यापूर्वी मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने एकदा ब्रेक मारून पाहायचा.

हे झाले कामाचे. पण शिकवण्यातली खरी अडचण कधी कधी वेगळीच असते, आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. बापाला वाटते, माझे ज्ञान आता भंगारात गेले. तो शिकला ती पद्मिनी, जिला मुंबई शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या गाडीत काहीही झाले तरी डिसमिस, पक्कड आणि चार पान्ह्यांवर भागायचे. टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही उतरली. १९८३ साली आलेली मारुती ८०० तिच्याआधीच, २०१४ साली, बनायची थांबली होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या. बॉनेट उघडले की वर प्लॅस्टिकचे झाकण आणि खाली वायरींचे जाळे. ना कार्बोरेटर, ना पॉइंट, ना डिस्ट्रिब्युटर. मुलगा स्टीअरिंगखाली काडेपेटीएवढी वस्तू खोचतो आणि मोबाईलवर बघून सांगतो, "बाबा, पी ०३०१ दाखवतंय." बाप गप्प होतो.

त्याने गप्प होऊ नये. पी ०३०१ म्हणजे पहिल्या नंबरचा सिलेंडर मिसिंग करतो आहे. एवढेच. मशीनने जागा सांगितली, कारण सांगितले नाही. प्लग खराब असेल, कॉईल गेली असेल, इंजेक्टर तुंबला असेल, वॉल्व्ह धरत नसेल. हे न कळून मुले मोबाईलवर आकडा पाहतात आणि एकेक महागडा भाग बदलत सुटतात. दुकानदाराला ते हवेच असते. इथे बापाची जुनी रीत कामाला येते. पद्मिनीत एक सिलेंडर मिसिंग करत असला की तो काय करायचा? पहिल्याचा प्लग दुसऱ्यात टाकायचा आणि पाहायचा, मिसिंग तिथेच राहते की प्लगबरोबर जाते. आजच्या गाडीत तेच करावे. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असेल तर इंजिन बंद करून पहिल्याची कॉईल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावा, जुना आकडा पुसून गाडी थोडी चालवा आणि पुन्हा पाहा. आता पी ०३०२ आले तर दोष कॉईलबरोबर सरकला, कॉईल बदला. पी ०३०१ च राहिले तर कॉईल निर्दोष. मग प्लगची अदलाबदल करा. पैसा खर्च न करता कारण हाती लागते. मोबाईल वाचायला मुलगा, आणि काय करून पाहायचे ते सांगायला बाप.

धूर पाहणे, आवाज ऐकणे, तेलाला हात लावणे, हेही जुने झालेले नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते आहे. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. दाट पांढरा धूर येतो आणि कूलंटही कमी होते, तर पाणी आत शिरते आहे. ऑईलची पट्टी काढली आणि तेल दुधाळ चहासारखे दिसले, तर गाडी तिथेच उभी करा, हेड गॅस्केटचा संशय आहे. स्टीअरिंगखाली काहीही खोचले तरी त्या पट्टीवर बोट फिरवल्यावर जे कळते ते कळत नाही.

मुलींविषयी वेगळे लिहावे लागते याचे वाईट वाटते, पण लिहितो. मुलगी बॉनेटमध्ये वाकली की शेजारचे दोघे-तिघे न बोलावता येऊन उभे राहतात. एक जण सल्ला देतो, दुसरा बापाला विचारतो, "शिकलेल्या पोरीला कशाला हे काळे करायला लावता?" बापालाही आत कुठेतरी तेच टोचत असते. आम्ही हात काळे केले ते यांचे पांढरे राहावेत म्हणून, असे त्याने आयुष्यभर म्हटलेले असते. त्याच्या त्या म्हणण्याचा मी मान ठेवतो. पण दुसरा कुठलाच दरवाजा उघडा नाही म्हणून हात काळे करावे लागणे वेगळे, आणि पदवी खिशात ठेवून स्वतःच्या गाडीचे काम स्वतः करणे वेगळे. जी मुलगी क्लच प्लेट गेली आहे की नुसती केबल ताणायची आहे हे ओळखते, तिला गॅरेजवाला सहा हजारांचा आकडा सांगताना दहा वेळा विचार करतो. रात्री अकरा वाजता घाटात गाडी बंद पडली तर ती कुणाची वाट पाहत बसत नाही. शेजाऱ्यांना चहा पाजावा आणि एकालाही पान्हा धरू देऊ नये.

आयांनाही सांगायचे आहे. ही शिकवणी बापाचीच मिरास नाही. पती गेल्यावर टेम्पो स्वतः चालवून घर ओढणाऱ्या भगिनी आपल्यात आहेत, आणि त्यांनी मुलाला शिकवावे, यात नवल काही नाही. आपल्या भाषेत पान्हा हा शब्द आईकडूनच आलेला आहे, तो लोखंडाचा नंतर झाला, असे मी गमतीने म्हणत असतो.

मुलाला याच कामात पुढे जायचे असेल तर घरच्या शिकवणीवर थांबू नका. दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. वडिलांकडे पाच वर्षे काम केलेला मुलगा कागद नसल्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या दारातून परत येतो, आणि हातात कागद पण हाताला काम नाही असाही परत येतो. दोन्ही असले की त्याला परत पाठवणे कठीण. घरच्या गाडीवर घालवलेला वेळ हा फुकटचा वेळ समजू नका. गॅरेजला दिले असते ते पैसे वाचले, तर त्यातले थोडे त्याच्या हातावर ठेवा. मोठ्या मुलाला बापाकडे चहाला पैसे मागायची लाज वाटते.

सुरुवात कुठून करावी, असे विचाराल तर येत्या रविवारी नुसते एक चाक काढा आणि परत लावा. चारही चाके नकोत, एकच. उन्हाच्या आधी, सकाळी सातला. हत्यारेही फार नकोत. रिंग पान्ह्यांचा एक संच, दोन डिसमिस, पक्कड, चाकाचा पान्हा, जॅक, दोन स्टँड, टायरची हवा मोजायचा गेज, टॉर्च. पत्र्यासारखे स्वस्त पान्हे घेऊ नका, ते नटाचे कोपरे खातात. चोरबाजारातून जुने पण चांगल्या लोखंडाचे घेतलेले बरे. काढलेले जुने ऑईल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या, ते घेणारे लोक असतात. बंद जागेत इंजिन चालू ठेवून काम करू नका, त्या धुराला वास नसला तरी तो माणूस मारतो.

आणि एक शंभर पानी वही आणा. तारीख, किलोमीटरचा आकडा, काय बिघडले होते, काय करून पाहिले, काय निघाले, किती खर्च आला. अक्षर मुलांचे असू द्या, सांगणारे तुम्ही. तीस वर्षांत डोक्यात साठलेले जे कधी कुणी विचारले नाही, तेही अधूनमधून लिहून घ्यायला सांगा. वही गाडीतच, डॅशबोर्डच्या खणात ठेवावी, आणि तेलाचे हात लागतात म्हणून तिला प्लॅस्टिकचे कव्हर घालावे.